ज्याचं लाकूड, त्याची खूण

त्या उन्हाळ्यात बांधकामाला पाणी नव्हतं म्हणून घरं उभी राहत नव्हती, आणि घरं नव्हती म्हणून दारांना गिऱ्हाईक नव्हतं. मिस्त्री रोज सकाळी रंध्याला धार लावून मांडवाखाली बसे आणि दुपारी तोच रंधा तेल पुसून पेटीत ठेवी. मागच्या वर्षीच्या दोन अर्धवट खुर्च्या तिथेच पडल्या होत्या. त्यांच्यावर कोंबड्या बसत. त्याच्या बायकोला सासूबाई म्हणत, "असू दे, कोणीतरी बसतंय ना त्याच्या खुर्चीवर."

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा नव्या दवाखान्याचं काम निघालं. सगळी दारं चौकटीसकट सागाची हवी होती. ठेकेदाराने मिस्त्रीला बसायलाही सांगितलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "तुझं मागच्या वर्षीचं ऐकलंय मी. आधी कापलेलं लाकूड दाखव. चौकटीचे खांब पूर्ण उंचीचे, जोड चालणार नाही. मग बोलू."

मागच्या वर्षीचं सगळ्यांनीच ऐकलं होतं. मिस्त्रीने एक ओंडका घेतला होता, बाहेरून राजबिंडा. वखारीत पहिली फळी निघाली आणि आत माणसाचा हात खांद्यापर्यंत जाईल एवढा रिकामा. कापणारा त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ होता, दादा. दादाने मशीन बंद करून ओंडक्यात तोंड घातलं आणि ओरडला, "आहे का कोणी घरात?" सगळी वखार हसली. तेव्हापासून मिस्त्रीचं नाव 'पोकळ पाहुणे' पडलं. वखारीत गेला की लंबू हमाल त्याच्या डोक्यावर टिचकी मारल्यासारखं करून कान लावी. "बघू आवाज!" मिस्त्री हसायचा. घरी आला की हात-पाय न धुता मांडवाखाली जाऊन बसायचा.

या वेळी त्याने झाड स्वतः शोधलं. वस्तीच्या टोकाला एका म्हातारीच्या घराच्या कोपऱ्यावर जुना साग होता. कौलांवर कलला होता, म्हणून तिला तो पाडून हवा होता. दुसराही एक व्यापारी बघून गेला होता. मिस्त्रीने उभं झाड त्याच दिवशी ठरवलं. पाडलं, फांद्या छाटल्या आणि ट्रॅक्टरवर घालून आणलं. ओंडका अंगणात उतरला तेव्हा जमीन पायाखाली हलल्यासारखी वाटली. तिने त्याला मिठी घालून बघितली. हाताला हात लागला नाही.

"चांगलं आहे?" तिने विचारलं.

"वाजवून बघ की."

तो हातोडीने टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेला, कान लाकडाला लावून. आवाज सगळीकडे भरीव होता. त्याच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी रंग आला. "या वेळी तुझ्या भावाला म्हणावं, घाल तोंड आत."

दुसऱ्या दिवशी ती टँकरच्या रांगेत होती. घागरी घेऊन परत आली तर मिस्त्री एकटाच लांब करवत पुसत बसला होता, अंगभर घाम, आणि ओंडक्याच्या बारीक टोकाला चुना-मातीचा जाड लेप होता. अजून ओला.

"टोक कापलंत? एकट्याने? मला हाक मारायची, दुसऱ्या बाजूला धरलं असतं."

"वेडंवाकडं होतं. सरळ केलं."

"आणि लेप?"

"भेगा पडतात उन्हाने. तुला काय नवीन आहे?"

नवीन नव्हतं. ताज्या लाकडाच्या टोकांना सगळेच लेप देतात. पाणी टोकांतून लवकर उडतं, टोक आक्रसतं, पोट आक्रसत नाही, आणि लाकूड फाटतं. पण लाकडाला टोकं दोन असतात. तिने जाड टोकाकडे बघितलं. ते उघडंच होतं, उन्हात.

"त्याला नाही लावलात?"

"लावतो," तो म्हणाला, आणि लावला नाही.

त्या दिवसापासून तो जेवेनासा झाला. ताटावर बसायचा, पहिला घास घ्यायचा आणि पाणी प्यायचा. रात्रभर कूस बदलायचा. एकदा तिने विचारलं, "पुन्हा पोकळ निघेल असं वाटतंय का?" तो म्हणाला, "पोकळ नाही. शपथ. पोकळ नाही." ज्याची शंका नाही त्याची शपथ माणूस एवढी का घेतो, हे तिला कळेना.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोटात जंत झाले असतील त्याच्या."

"जंतांनी झोप उडते का आई?"

"मग जिवात झाले असतील."

ती स्वतः वखारीत जात नसे. कापण्याचा आवाज वाऱ्यावर घरापर्यंत यायचा, तेव्हा ती हातातलं काम टाकून दोन्ही कानांवर हात ठेवायची. सासूबाई आधी हसायच्या, मग हसायच्या थांबल्या. तिचे वडील त्याच मशीनवर होते. ती लहान असताना तिला फळ्यांवर बसवून ते लाकडं ओळखायला शिकवत. एकदा त्यांनी एका फळीतला डाग दाखवला होता. पिवळ्या लाकडात शाई सांडल्यासारखी निळी-काळी जीभ. "हे बघ चिमणे. आत खिळा आहे. लोखंड गंजतं, लाकडातला तुरटपणा त्याला खातो आणि ही शाई होते. खिळा दिसत नाही, शाई दिसते. खिळ्याजवळ काळी, लांब जावं तशी फिकट."

पुढे अशाच एका खिळ्याने ते गेले. करंगळीएवढा खिळा सालीच्या आत होता, कोणी बघितला नव्हता. पातं तुटलं. दोन चाकांवरून पळणारा पोलादी पट्टा तुटला की तो कुठे जातो हे बघायला वेळ मिळत नाही. वडिलांना लागून तो वखारीच्या खांबात रुतला होता. खांबावरचा तो घाव दादाने कधी बुजवू दिला नाही. त्यानंतर मशीन दादाकडे आलं आणि त्याने पहिल्याच दिवशी नियम केला: ज्याचं लाकूड, त्याची खूण. मालकाने आपला ओंडका टोकापासून टोकापर्यंत तपासायचा, आत लोखंड नाही अशी खात्री झाली की स्वतःच्या हाताने खडूची बरोबरची खूण करायची, आणि खूण करणाऱ्याने मशीनच्या मागे पात्याजवळ उभं राहून फळी ओढायची. खूण नाही तर ओंडका मशीनच्या सरकत्या गाडीवर चढत नाही. लोहचुंबकही होतं दादाकडे, दोरीला बांधलेलं. पण ते सालीजवळचं लोखंड धरी, खोलातलं नाही. खोलातल्यासाठी फक्त माणसाचा शब्द होता. एवढ्या वर्षांत खोटी खूण कोणी केली नव्हती. मेलेल्या माणसाच्या वखारीत कोण खोटं बोलेल?

कापायचा दिवस आला. सकाळी ट्रॅक्टर आला, साखळ्या लावून ओंडका चढवला. मिस्त्रीने चहा घेतला नाही. घड्याळ काढून फळीवर ठेवलं. उंबऱ्यात आईला म्हणाला, "येतो." पायऱ्या उतरला, मागे वळला आणि पुन्हा म्हणाला, "येतो आई."

ट्रॅक्टर वळणाआड गेला.

"दोनदा का म्हणाला गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ऐकू गेलं नसेल असं वाटलं असेल."

"मी बहिरी कधी झाले?"

 चूल पेटवायला जळण हवं होतं म्हणून ती मांडवामागे गेली. वरची ढलप्यांची रास संपली होती. खाली जुनी पोती होती. पोती उचलली तर त्यांच्याखाली दोन चकत्या निघाल्या. ताज्या सागाच्या, ताटाएवढ्या मोठ्या, चार बोटं जाड. जळण असं पोत्याखाली कोणी झाकत नाही.

तिने एक उचलली. गाभ्याच्या एका बाजूला फिकट निळसर डाग होता, पाणी लागल्यासारखा. तिने ती खाली ठेवली आणि दुसरी बघितली. डाग तिथेच होता, पण मोठा, आणि जांभळासारखा काळा.

तिने दोन्ही चकत्या जमिनीवर एकमेकींना लावून ठेवल्या. साल सालीला जुळवली, वर्षांच्या रेघा रेघांना जुळवल्या. वेड्यावाकड्या टोकाची, म्हणजे बाहेरची, फिकट. आतली काळी. म्हणजे लोखंड कापून टाकलेल्या बाजूला नव्हतं. ते पुढे होतं, ओंडक्यात, लेपाच्या मागे. त्याने एक चकती कापली, डाग दिसला. दुसरी कापली, डाग वाढला. आणि मग तो थांबला. तिसरी कापली असती तर खांबाची उंची भरली नसती.

 तरी मन वाट शोधत होतं. त्याला डाग म्हणजे काय हे कळलं नसेल. बुरशी वाटली असेल. सागाला येते कधी कधी बुरशी.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. झाडवाली म्हातारी होती, काठी टेकत एवढ्या लांब आलेली. सासूबाईंनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं.

"मिस्त्री आहेत का?" म्हातारीने विचारलं. "ओंडका कापला का? माझी कडी निघाली का बघायला आले."

"कसली कडी, आजी?" तिने विचारलं. आपला आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला.

"झोपाळ्याची गं. माझी मुलगी लहान होती तेव्हा यांनी खोडात लोखंडी कडी ठोकली होती, अशी मुठीएवढी. पोरगी सासरी गेली, झोपाळा काढला, कडी तशीच राहिली. झाडाने गिळून टाकली हळूहळू. मुलगी आता नाही माझी. म्हटलं, कडी तरी ठेवावी. सौदा करतानाच मिस्त्रींना सांगितलं होतं मी. म्हणाले, निघाली तर आणून देतो."

"सौदा करतानाच?"

"हो. विसरले वाटतं?"

"नाही," ती म्हणाली. "विसरले नाहीत."

काळी चकती काखेत मारून ती निघाली. मागून सासूबाई विचारत होत्या, "अगं, चूल? सूनबाई!" तिने वळून बघितलं नाही.

वखार वस्तीच्या पलीकडे होती, पिठाच्या गिरणीच्या मागे. रस्त्यावरची धूळ पावलाला भाजत होती. चकती जड होती, साल बरगडीला खरडत होती. ती धावली, मग दम लागून चालली, मग पुन्हा धावली. सायकलवाल्याने घंटी वाजवली, कोणीतरी "काय झालं वहिनी?" म्हणालं. ती फक्त ऐकत होती. कानांवर हात ठेवायची सवय असलेली ती आज कान पुढे करून पळत होती.

मशीनचे आवाज दोन. मोकळं पातं फिरताना बारीक शीळ घालतं. लाकडात शिरलं की आवाज जाड होतो, घशात अडकल्यासारखा. आता शीळ होती. म्हणजे अजून नाही. ती गिरणीच्या भिंतीपर्यंत आली आणि आवाज जाड झाला.

तिचे पाय तिथेच थांबले. भिंतीला टेकून ती उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आलं, अगदी स्वच्छ. मशीनच्या पुढे दादा, मागे मिस्त्री. एका बाजूला माहेर, एका बाजूला सासर, मध्ये पातं. जाड आवाज चालू राहिला.  मग आवाज पुन्हा बारीक झाला. एक फळी निघाली होती. काही तुटलं नव्हतं.

वखारीत भुशाचा धुरळा होता. त्यातून तिला आधी खांब दिसला आणि खांबावरचा घाव. मग गाडी. गाडीवर तिच्याच अंगणातला ओंडका. एका अंगाची पाठ, म्हणजे सालीसकटची पहिली फळी, काढून झाली होती आणि त्या जागी लाकूड पिवळंजर्द चमकत होतं. जाड टोकावर खडूची पांढरी खूण होती, मोठी, ठसठशीत. मिस्त्री नेहमी बारीक खूण करी. दादाने ओंडका पहारीने फिरवून घेतला होता आणि गाडी पुन्हा पात्याच्या तोंडाशी आणली होती. मागे मिस्त्री हातांना पोत्याचे तुकडे गुंडाळून उभा होता. त्याने डोळे मिटले होते. फळी ओढणारा माणूस डोळे मिटून उभा राहत नाही.

"दादा!" ती ओरडली. तो आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही. दादाचा हात दांड्यावर होता. गाडी हलली.

ती पुढे गेली, ओंडक्याच्या जाड टोकाशी, आणि तळहाताने खूण पुसून टाकली.

आधी लंबूने बघितलं. त्याने दोन्ही हात वर केले. मग दादाने. त्याने गाडी मागे खेचली आणि दांडा खाली ओढला. पण पातं लगेच थांबत नाही. शीळ उतरत गेली, खाली, अजून खाली, आणि ते सगळा वेळ एकमेकांकडे बघत उभे राहिले. मिस्त्रीने डोळे उघडले होते. त्याला तिच्या काखेतली चकती दिसली होती. काळी बाजू तिने बरगडीला दाबून धरली होती, ती दिसत नव्हती. पण स्वतः कापलेली चकती माणूस कडेवरूनही ओळखतो.

पातं थांबलं. शांततेत वरून भुसा पडत होता.

"चिमणे," दादा म्हणाला, "अक्कल कुठे गहाण टाकलीस? चालत्या मशीनपुढे येतेस? खूण कोणी पुसली?"

"मी."

"का? लाकूड तुझं आहे?"

"माझ्या अंगणातून आलंय. त्याच्यावर माझी खूण नाही."

"नवराबायकोचं भांडण आहे वाटतं," लंबू म्हणाला. त्याने ओंडक्यावर टिचकी मारली आणि कान लावला. "वहिनी, या वेळी पोकळ नाही हो. मी बघितलंय."

दोघं-तिघं हसले. दादा हसला नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

ती मिस्त्रीकडे बघत होती. चकती फिरवली असती तर एका शब्दाचीही गरज नव्हती. पण मग खोटी खूण करणारा माणूस म्हणून तो जन्मभर तिच्या बोटाने दाखवलेला राहिला असता. तिने चकती फिरवली नाही. तिला वाटलं, एवढ्या वेळात त्याने बोलावं. हा एवढाच वेळ आहे.

"बोला पाहुणे," दादा म्हणाला. "काहीतरी आवाज येऊ द्या."

मिस्त्रीने हातांवरची पोती सोडली. 

"कडी आहे आत."

"काय?"

"झोपाळ्याची. लोखंडी. त्या टोकाला."

कोणी हसलं नाही. लंबू ओंडक्यापासून दोन पावलं मागे सरला, ओंडका आत्ताच जिवंत झाल्यासारखा. दादा गाडीवरून उतरला. त्याला उतरायला वेळ लागला. तो खांबापाशी गेला आणि घावात बोटं घालून उभा राहिला, पाठ करून.

"केव्हा कळलं?"

"घेतानाच. म्हातारी म्हणाली. मला वाटलं वर शेंड्याकडे असेल, जाईल फांद्यांबरोबर. मग टोक कापलं तेव्हा..."

"डाग दिसला."

"हो."

"आणि लेप लावलात. आणि खूण केलीत. माझ्या बापाच्या वखारीत."

"मी मागे उभा होतो ना!" मिस्त्रीचा आवाज फाटला. "दुसऱ्या कोणाला उभं नाही केलं. लागलं असतं तर मला लागलं असतं. पुन्हा लाकूड खराब निघालं म्हणून इथे सांगायचं? पुन्हा सगळ्यांनी... मला वाटलं पातं बाजूने जाईल. जाऊही शकलं असतं."

"तुम्हाला लागलं असतं," ती म्हणाली, "आणि दादाला? पुढे तो होता. एकाच्या जागी मी दोघांना उचलून नेलं असतं. छान हिशेब आहे."

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. त्या ठिकाणी दादा उभा असतो हे त्याला आत्ताच कोणी सांगितल्यासारखं.

"उतरवा," दादा हमालांना म्हणाला. "पहारी घ्या. बाहेर टाका हे. आणि यांनाही." मग तिला म्हणाला, "दोन्ही ओंडके घरी ने, चिमणे."

ओंडका खाली आला. धूळ उडाली. कोणीच हलेना.

"टोक हाताने कापू," ती म्हणाली. "बाकीचं तू काप."

"हाताने कापायला मी काही..."

"तुला नाही सांगत. आम्ही कापतो. मशीनला लोखंड कळत नाही, हाताला कळतं."

"खांबाची उंची भरणार नाही मग," मिस्त्री हळूच म्हणाला. पात्याशी उभा राहिल्यापासून पहिल्यांदाच तो सुतारासारखं बोलला होता.

"नाही भरणार. दारं जातील. खिडक्या होतील, मिळाल्या तर. खुर्च्या करा. कोंबड्यांना बसायला होतील."

वखारीतली लांब करवत मिस्त्रीने आणली. तो एका बाजूला, ती दुसऱ्या. तिने लेप नखाने आणि दगडाने खरवडून काढला. खालचं लाकूड दौतीसारखं काळं होतं. लंबूने बघितलं आणि तो बाहेर जाऊन बसला. टोकापासून वीतभर सोडून त्यांनी करवत लावली. दोघांच्या करवतीत आपल्याकडे ओढायचं असतं, समोरच्याकडे ढकलायचं नसतं. ढकललं की पातं वाकतं. मिस्त्री पुन्हा पुन्हा ढकलत होता.

"ढकलू नका," ती म्हणाली. "फक्त ओढा. मी सोडते तेव्हा ओढा."

साल गेली, पांढरं लाकूड गेलं, गाभा आला. भुसा पिवळा पडत होता. मग राखाडी झाला. मग दाताखाली खडा यावा तशी करवत किंचाळली आणि दोघांचे हात खांद्यापर्यंत झणाणले. दादाने पाठ फिरवलेली होती, त्याचे खांदे वर गेलेले तिने बघितले.

ते आणखी वीतभर आत सरकले आणि नव्याने सुरुवात केली. ऊन खांबावरून खाली उतरलं. तिच्या तळहातांना फोड आले, फुटले. या वेळी भुसा शेवटपर्यंत पिवळा राहिला. तुकडा धप्पकन खाली पडला.

मिस्त्रीने पाचर ठोकून तो फोडला. आत कडी होती. जाड, पूर्ण गोल, गंजून फुगलेली, आणि तिच्याभोवती लाकूड घट्ट वाढलं होतं. कडीची शेपटी खोडाच्या मधोमध गेली होती. दादा पहिल्यांदा जवळ आला. त्याने काढलेली पाठ उचलून तुकड्याला जुळवली आणि बोटाने एक रेघ ओढली, दुसरी फळी जिथून निघणार होती तिथून. रेघ कडीच्या मधून गेली.  मिस्त्री भुशात खाली बसला.

तिने कडी ओटीत घेतली. म्हातारी अजून अंगणात बसली असेल.

मग दादा म्हणाला, "चढवा." हमालांनी उरलेला ओंडका गाडीवर घेतला. दादाने खिशातून खडू काढला. मिस्त्री उठला, हात पुसले आणि खडूसाठी एक हात पुढे केला. दादाचा हात त्याच्याकडे वळला नाही. त्याने खडू तिच्यापुढे धरला.

"तुझ्या अंगणातून आलंय म्हणालीस."

तिने खडू घेतला नाही. आधी ओंडका तपासला. बोटांनी प्रत्येक गाठ चाचपली, सालीची प्रत्येक शिवण दाबून बघितली, ताजं कापलेलं टोक ओल्या फडक्याने पुसून उन्हाकडे करून बघितलं. हमालांना लाकूड फिरवायला लावून पोटाखालचीही बाजू बघितली. चुंबक फिरवलं. मग पुन्हा एकदा सुरुवातीपासून. कोणी घाई केली नाही. 

"खात्री आहे?" दादाने विचारलं.

"दिसलं नाही. एवढंच सांगते."

"तेवढंच असतं," तो म्हणाला. "बाबांनीही तेवढंच बघितलं होतं."

तिने खूण केली. बारीक, मिस्त्री नेहमी करायचा तशी. खडू तिच्या रक्ताने एका बाजूला लाल झाला.

मिस्त्री पोत्याचे तुकडे हातांना गुंडाळत मशीनच्या मागे निघाला होता. दादाने त्याला हाताने अडवलं.

"खूण तिची आहे."

"मेहुणे, ती कशी... तिच्या हातांना फोड आलेत. मी उभा राहतो. पाया पडतो तुमच्या."

"ज्याची खूण, तो मागे. नियम मी केलाय, पण मलाही मोडता येत नाही."

"मेहुणे, तुमची बहीण आहे ती!"

"मला माहीत आहे कोण आहे ती."

तिने मिस्त्रीच्या हातांवरची पोती सोडवली आणि स्वतःच्या हातांना गुंडाळली. ती अजून त्याच्या घामाने ओली होती. ती मशीनच्या मागे गेली. पातं एवढं जवळून तिने लहानपणानंतर बघितलं नव्हतं. दात एकामागे एक, सगळे सारखे, स्वच्छ. समोर दादा गाडीवर चढला. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली, तिने हलवली. मिस्त्रीला उभं राहायला एकच जागा उरली होती, खांबाशेजारी. तो तिथे जाऊन उभा राहिला, घावाजवळ.

शीळ सुरू झाली, चढत गेली. गाडी हलली. पातं लाकडात शिरलं आणि आवाज जाड झाला.

मिस्त्रीने दोन्ही हात कानांवर ठेवले.

तिचे हात फळीवर होते.